भाग ३४ : फोन पोलिसांकडे गेला, पुढे काय?

आजचा भाग नेहमीपेक्षा लांब आहे आणि नेहमीसारखा हसतखेळत नाही. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी जिथे अडखळले, जिथे मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी पावणेअकरा, ऑफिसची मीटिंग चालू, आणि माझ्या मावसबहिणीचा फोन. तिला आपण मनू म्हणू. नाव बदललंय आणि गाव सांगणार नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला म्हणाली, "ताई, एक विचारू? फोन फॉरमॅट केल्यावर मेसेज परत येतात का?"

घरात कम्प्युटर इंजिनिअर असलं की असे प्रश्न रोजचेच असतात. काकांचा प्रिंटर पण मीच बघते. बॅकअप असेल तर येतात गं, असं म्हणून मी फोन ठेवणार होते. पण तिचा आवाज बरोबर नव्हता. म्हटलं, काय झालं ते आधी सांग.

तीन आठवडे एका अनोळखी नंबरवरून तिला व्हॉट्सॲपवर मेसेज येत होते. आधी ड्रेस छान होता वगैरे. मग ती कुठल्या एसटीने गेली, क्लासमधून किती वाजता निघाली, हे सगळं. आणि एका रात्री २ वाजून १५ मिनिटांनी सरळसरळ धमकी. ती काय होती ते मी इथे वाचणार नाही. मनूने स्क्रीनशॉट काढले, नंबर ब्लॉक केला आणि सकाळी दादाला, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, सांगितलं. दादा भडकला. याला हिची एसटी कशी कळते? म्हणजे यानं हिच्या फोनमध्ये काहीतरी ॲप टाकलंय, असा त्याचा तर्क. त्याने ते स्क्रीनशॉट स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवून घेतले आणि मनूचा फोन फॅक्टरी रीसेट करून टाकला. काळजीपोटीच केलं हो. मी तिथे असते आणि फोनबद्दल मला काही कळत नसतं, तर मीही कदाचित तेच केलं असतं.

मग दोघं पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, हे मुद्दाम सांगते, कारण सगळीकडे असं होत नाही. आणि पहिला प्रश्न विचारला, "मूळ मेसेज फोनमध्ये आहेत ना?"

तर मंडळी, आजचा भाग या एका प्रश्नाबद्दल आहे.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक सिनेमातली लॅब असते. डिलीट केलेला फोटो, जळालेला फोन, काहीही द्या, चष्मा लावलेला एक माणूस तीन बटणं दाबतो आणि सगळं परत येतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे थोडंफार खरं होतं. फोनची मेमरी चिप काढायची, वेगळ्या यंत्रात लावायची आणि वाचायची. आज ती चिप काढली तर हाती येतो नुसता रद्दीसारखा डेटा, कारण सगळं एन्क्रिप्टेड असतं. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना हे सक्तीचंच आहे. प्रत्येक फाइलला कुलूप, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या फोनच्याच हार्डवेअरमध्ये लपवलेल्या. फॅक्टरी रीसेट केला की फोन काय करतो? तो १२८ जीबी पुसत बसत नाही. तो किल्ल्या टाकून देतो, आणि त्या किल्ल्यांची दुसरी प्रत कुठेही नसते. कंपनीकडे नाही, लॅबकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच.

मग बॅकअप? मनूचा गुगल बॅकअप चालू होता. व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमाराला तो घेतं. आम्ही तिच्या नव्या फोनवर तो उतरवून घेतला. तीन आठवड्यांचे ड्रेसचे, एसटीचे मेसेज सगळे आले. धमकी नाही आली. बॅकअप दोन वाजता झाला होता आणि धमकी सव्वादोनला आली होती. पंधरा मिनिटं!

रीसेट केला नसता तर फोनमधल्या चालू डेटाबेसमध्ये ती जशीच्या तशी होती. उद्या समजा तिने रागाने ती चॅट डिलीट केली असती, तरी काही वेळा आशा असते. चॅट ज्या डेटाबेसमध्ये राहते त्याचं नाव एसक्यूलाइट. मेसेज डिलीट केला की तो त्याची जागा फक्त 'रिकामी' म्हणून नोंदवतो, आणि दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथे पडून असू शकतो. पण फोन वापरत राहिलात, अपडेट मारलं, चार रील बघितल्या, की ती जागा भरत जाते. म्हणजे फोन हा काही कपाटात ठेवलेल्या रक्ताळलेल्या शर्टासारखा पुरावा नाही. तो आपोआप बदलत राहतो, कुणी हात लावला नाही तरीही.

असो. आता कायद्याकडे येते. मी वकील नाही. पण या प्रकरणामुळे मी एवढे निकाल वाचलेत की आई म्हणते, बीटेक कशाला केलंस.

दादाकडच्या स्क्रीनशॉटचं काय? ते आहेत की. पण कोर्टाच्या नजरेने बघा. स्क्रीनशॉट ही मूळ मेसेजची प्रत. त्यातही मनूच्या फोनमधले मूळ स्क्रीनशॉट रीसेटमध्ये गेले, आणि दादाकडे आली ती व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेली, नाव बदललेली प्रत. म्हणजे प्रतीची प्रत. शिवाय खोटा स्क्रीनशॉट बनवणं हे किती सोपं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. मित्राचं नाव 'क्रश' म्हणून सेव्ह करून चॅटचे फोटो टाकणारे माझे श्रोते कमी नाहीत.

याबद्दलचा देशातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याचा आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. २०१४ ची विधानसभा. अर्जुन खोतकर जालन्यातून २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले आणि कोर्टात गेले. म्हणणं असं, की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या. पण तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम ६५बी होतं : इलेक्ट्रॉनिक गोष्टीची प्रत दाखल करायची, तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली, याचं प्रमाणपत्र हवं. आणि ते प्रमाणपत्र अधिकारी वारंवार मागूनही देईनात. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला. प्रतीला प्रमाणपत्र हवंच. तुम्ही खरोखर प्रयत्न केलेत आणि समोरचा देतच नसेल, तर कोर्टाकडे जा, कोर्ट मागवून घेईल. आणि तिसरी गोष्ट, जी वाचून मी अक्षरशः कपाळावर हात मारला. मूळ यंत्रच, लॅपटॉप असो, टॅबलेट असो की मोबाइल फोन, मालकाने साक्षीला उभं राहून कोर्टात दाखवला आणि हा माझा, मी वापरते, असं सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरजच नाही.

म्हणजे मनू तो फोन घेऊन कोर्टात उभी राहू शकली असती. एवढंच करायचं होतं. फोन तसाच ठेवायचा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५बी चं आता ६३ झालं. प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, एक फोन ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि त्यात हॅश लिहायचा. कुठल्या पद्धतीने काढला, एसएचए-२५६ की आणखी काही, तेही. भारतात एखाद्या सरकारी नमुन्यात एसएचए-२५६ छापलेलं बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. पण दुसरा भाग भरणारा तज्ज्ञ तालुक्याच्या गावात कुठून आणायचा, हा प्रश्न आमच्या वकीलकाकांनाही पडला होता.

हॅशबद्दल दोन मिनिटं बोलायलाच हवं, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा समजा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. कम्प्युटरच्या हार्ड डिस्कचं सोपं असतं. ती काढायची, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही असं यंत्र मधे लावायचं, हूबेहूब प्रत घ्यायची. आज हॅश काढा, वर्षाने काढा, तोच येणार. चालू फोनचं तसं होत नाही. फोनमधून डेटा काढायचा तर फोन चालू हवा, आणि चालू फोन दर सेकंदाला काहीतरी लिहीत असतो : बॅटरी, घड्याळ, लॉग. तोच फोन, तेच यंत्र, दहा मिनिटांनी पूर्ण प्रत पुन्हा काढा, हॅश वेगळा येईल. बचाव पक्षाचा वकील म्हणणार, बघा साहेब, छेडछाड! आणि तसं काहीही झालेलं नसतं. उलटी बाजूही तितकीच खरी. हॅश जुळला म्हणजे प्रत काढल्यानंतर तिला कुणी हात लावला नाही, एवढंच सिद्ध होतं. प्रत काढण्याआधीचे चार दिवस फोन कुणाच्या टेबलावर होता, कुणी बघितला, कुणी काही टाकलं का, यावर हॅश एक शब्द बोलत नाही. तिथे लागतो पंचनामा, सील, आणि कुणी कुणाला कधी दिला याची नोंद. म्हणजे सगळं गणित शेवटी एका लाखेच्या सीलवर येऊन थांबतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १०५ मध्ये, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायचं असं लिहिलंय, शक्यतो मोबाइलवरच. एक फोन जप्त होताना दुसऱ्या फोनने बघायचं. कल्पना चांगली आहे. नीट राबवली तर आरोपी आणि पोलीस दोघांचंही त्यात भलं आहे.

आता समोरच्याचा फोन.

पोलिसांनी नंबरवरून माग काढला. सिम कुणाच्या नावावर आहे ते कळलं. पण सिम ज्याच्या नावावर, टाईप त्यानेच केलं असं होत नाही. आपल्याकडे घरातली निम्मी सिमकार्डं वडिलांच्या नावावर असतात. व्हॉट्सॲपच्या मेसेजमधला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर वाचता येईल अशा रूपात नसतो, त्यामुळे तिथून मजकूर मिळत नाही. मग उरतो फोन. मनूच्याच कॉलेजमधल्या एका मुलाचा फोन जप्त झाला. तोच होता असं मी म्हणत नाही, ते कोर्ट ठरवेल. तो नसेल तर त्याची सुटकाही त्याच फोनमध्ये आहे.

फोन जप्त झाला तेव्हा चालू होता, लॉक केलेला. हे पंचनाम्यात लिहिलंय. आणि हे फार महत्त्वाचं आहे. फोन सुरू केल्यावर तुम्ही पहिल्यांदा पिन टाकता, तेव्हा बऱ्याच किल्ल्या मेमरीत येतात. नंतर स्क्रीन लॉक झाली तरी त्यातल्या पुष्कळशा तिथेच राहतात. म्हणून तर लॉक असतानाही आईचा कॉल आला की 'आई' असं नाव दिसतं. फोन नुकताच रीस्टार्ट केला असेल आणि पिन टाकलाच नसेल, तर नुसता नंबर दिसतो. करून बघा आज. या पहिल्या अवस्थेतल्या फोनमधून तज्ज्ञ बरंच काही काढू शकतात. दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे बंद करून परत चालू केलेल्या फोनमधून, फारच थोडं.

म्हणून चालू फोन जप्त केला तर तो बंद पडू द्यायचा नाही. पण नेटवर्कवरही ठेवायचा नाही, कारण मालक लांबूनच सगळं पुसू शकतो. मग त्याला फॅराडे बॅगमध्ये घालायचं. ही एक जाळी असलेली पिशवी, तिच्यातून सिग्नल जात नाही. गंमत अशी की आत फोन टॉवर शोधत सुटतो आणि बॅटरी वेगाने संपते. म्हणून आत पॉवर बँकही हवी. आणि एवढं करूनही घड्याळ चालूच असतं. आयओएस १८.१ किंवा त्यानंतरची आवृत्ती असलेला आयफोन ७२ तास कुणी उघडला नाही तर आपला आपण रीस्टार्ट होतो. अँड्रॉइडमध्येही २०२५ पासून तीन दिवसांनी तशी सोय आलीय. चोरांपासून आपलं रक्षण व्हावं म्हणून केलेली ही सोय, आणि मी स्वतः ती चालूच ठेवणार. पण तपास अधिकाऱ्याकडे त्यामुळे जेमतेम तीन दिवस उरतात.

त्या मुलाचा फोन साध्या पाकिटात गेला. मुद्देमालाच्या कपाटात राहिला. लॅबच्या अहवालात पहिलीच ओळ आहे : 'बंद अवस्थेत प्राप्त.' वकिलांमार्फत कागद हातात आले तेव्हा मनूने ती ओळ वाचली आणि काहीच बोलली नाही. मीच ओरडले. पण कुणावर ओरडायचं? ज्या हवालदारांनी तो सील केला त्यांना हे कुणी शिकवलं होतं का? पिशवी, पॉवर बँक त्यांच्याकडे होती का? चूक करणाऱ्याचं नाव मी घेत नाही, कारण अशी चूक जगातल्या सगळ्यात श्रीमंत तपास यंत्रणेकडूनही झालीय.

२ डिसेंबर २०१५, कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो. गोळीबारात १४ लोक मारले गेले. हल्लेखोराकडे ऑफिसने दिलेला आयफोन ५सी होता. शेवटचा आयक्लाउड बॅकअप १९ ऑक्टोबरचा, म्हणजे मधले सहा आठवडे फक्त फोनमध्ये. फोन ओळखीच्या वाय-फायवर नेऊन चार्जिंगला लावला असता तर कदाचित त्याने आपोआप नवा बॅकअप केला असता. पण एफबीआयच्या सांगण्यावरून त्या खात्याचा आयक्लाउड पासवर्ड आधीच बदलला गेला होता, त्यामुळे तो दरवाजा बंद झाला. हेतू चांगला, हात घाईचा. आमच्या दादासारखाच.

पुढचं भांडण तुम्ही ऐकलं असेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोर्टाने ॲपलला सांगितलं, चुकीच्या पिननंतर लागणारी थांबण्याची वेळ आणि दहा चुकांनंतर डेटा पुसणारी सोय बंद करणारं खास सॉफ्टवेअर बनवून द्या. ॲपल नाही म्हणालं. याच दोन गोष्टी का मागितल्या ते गणिताने बघा. ॲपलच्या स्वतःच्या कागदपत्रांनुसार एक पिन तपासायला फोनला साधारण ८० मिलिसेकंद लागतात, आणि हे त्याच फोनवर करावं लागतं, बाहेरच्या सुपरकम्प्युटरवर नाही. चार आकडी पिनचे दहा हजार प्रकार, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं. सहा आकडी असेल तर दहा लाख प्रकार, साधारण बावीस तास. म्हणजे खरं कुलूप पिन नाहीच, खरं कुलूप ते थांबायला लावणं आहे. शेवटी २८ मार्च २०१६ ला सरकारने खटला मागे घेतला. बाहेरच्या कुणीतरी फोन उघडून दिला होता. मूळ कायदेशीर प्रश्न तसाच राहिला.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कंपनीला नाही, आरोपीलाच विचारतात, पिन सांग. आणि राज्यघटनेचं कलम २०(३) म्हणतं, आरोपीला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. मग पिन सांगणं ही साक्ष आहे का?

१९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी एक निकाल दिला होता, मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, कारण ते फक्त तुलनेसाठी असतं. मग २०१० मध्ये सेल्वी खटल्यात त्याच कोर्टाने सांगितलं, संमतीशिवाय नार्को टेस्ट, लाय डिटेक्टर चालणार नाही, कारण तिथे तुम्ही माणसाच्या डोक्यात शिरता. आता पिन कुठे बसवायचा? तो डोक्यातच असतो की. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वीरेंद्र खन्ना खटल्यात म्हटलं, पासवर्ड देणं ही साक्ष नव्हे, पण फोन तपासायला साधारणपणे कोर्टाचं वॉरंट लागेल. २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय कोर्टाने म्हटलं, पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही, बोटाचा ठसा मात्र घेता येईल. म्हणजे तुमचा फोन अंगठ्याने उघडत असेल तर एक नियम, आकड्यांनी उघडत असेल तर दुसरा! इंजिनिअर म्हणून मला हे हास्यास्पद वाटतं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकच काम करतात.

माझं मत विचाराल तर, मी आधी ठामपणे म्हणायचे की पिन मागायचाच नाही, तो माझ्या डोक्याचा भाग आहे. मनूच्या प्रकरणानंतर तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. आणि तरीही, कोर्टाच्या आदेशाशिवाय रस्त्यात अडवून 'दाखव फोन' म्हणणाऱ्याला मी नाहीच म्हणेन. या दोन वाक्यांमध्ये ताण आहे, मला माहितीये.

अजून एक बाजू आहे, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. समजा फोन उघडला. पुढचं सगळं यंत्र खरंच सांगतं का? मी रोज सर्व्हर लॉग बघते, त्यामुळे हे एक उदाहरण देतेच. फोन आतमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १५ तारखेला पहाटे सव्वादोनचा मेसेज अहवालात प्रमाणवेळेने छापला, तर तो दिसेल १४ तारखेला रात्री पावणेनऊला. बाई म्हणते पंधरा, अहवाल म्हणतो चौदा. उलटतपासणीत एवढं पुरतं. हा बग आहे, आणि माझ्या टीममध्ये वर्षातून दोनदा होतो. तिथे फार तर ग्राहक चिडतो.

आणि डेटा काढणारं सॉफ्टवेअरही शेवटी सॉफ्टवेअरच. एप्रिल २०२१ मध्ये सिग्नलच्या संस्थापकाने, मॉक्सी मार्लिनस्पाइकने, सेलेब्राइट या कंपनीचं जगभर पोलीस वापरतात ते साधन उघडून बघितलं. त्यात २०१२ सालचे, त्यानंतर कधीच सुरक्षा-अपडेट न मिळालेले भाग सापडले. त्याने दाखवलं, की तपासल्या जाणाऱ्या फोनमध्ये एक खास बनवलेली फाइल ठेवली तर ती या साधनाचा ताबा घेऊन अहवालच बदलू शकते. म्हणजे लगेच सगळे अहवाल खोटे असं नव्हे. पण 'मशीनने सांगितलंय' हे ऐकून कोर्टात सगळ्यांनी मान डोलवावी, असंही नव्हे.

शेवटची गोष्ट, आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड. पोलिसांनी मनूचाही फोन मागितला. रीसेट झालेला असला तरी, आणि बॅकअप उतरवलेला नवा फोनही. ती तक्रारदार आहे, आरोपी नाही. आणि फोनचा डेटा काढताना 'फक्त त्या मुलाची चॅट' असं सहसा होत नाही, सगळंच निघतं. त्या रात्री तिचा मेसेज आला, "ताई, सगळं बघतील का?" सगळं म्हणजे काय ते तुम्हाला कळलंय. मैत्रिणींशी बोललेलं, पाळीच्या तारखा, आरशासमोरचे फोटो, आईबद्दल रागाने लिहिलेल्या नोट्स. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. अमेरिकेत २०१४ च्या रायली खटल्यापासून अटक केलेल्याचा फोनही वॉरंटशिवाय बघता येत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये पत्रकारांच्या फोनजप्तीवरून सुप्रीम कोर्टाने केंद्राला मार्गदर्शक नियम करायला सांगितले. पण त्या रात्री, त्या गावात, एकवीस वर्षांच्या मुलीला मी काय सांगणार होते? म्हटलं, लेखी दे की कुठल्या नंबरची चॅट आणि कुठल्या तारखांपुरतं बघावं अशी विनंती आहे. पोच घे. मॅडमनी ते कागदाला लावून घेतलं. लॅबमध्ये त्याचं काय झालं, ते अहवालात लिहिलेलं नाही.

सध्या परिस्थिती अशी आहे. तीन आठवड्यांचे मेसेज बॅकअपमधून आलेत, प्रमाणपत्रासकट दाखल झालेत. धमकीचा फक्त दादाकडचा स्क्रीनशॉट आहे. दादाही साक्षीदार आहे आणि रीसेट का केला हे त्याला कोर्टात सांगावं लागणार आहे. त्याने माझ्यासमोर त्याची तीनदा तालीम केली, तिन्ही वेळा मधेच थांबला. त्या मुलाने पिन दिलेला नाही. सरकारी वकिलांनी कोर्टाकडे अर्ज केलाय, त्यावर पुढच्या महिन्यात तारीख आहे. त्याचा फोन पाकिटात आहे. मनूचे दोन्ही फोन पाकिटात आहेत, आणि ज्याचा हप्ता चालू होता त्याचा शेवटचा हप्ता तिने गेल्या आठवड्यात भरला.

तारखेला काय होतं ते पुढच्या एखाद्या भागात सांगेन. मनूने परवानगी दिली तर. तिने हा भाग आधी ऐकला, दोन ठिकाणी काट म्हणाली, ते मी काटलं. तुमच्यापैकी कुणी पोलीस दलात किंवा लॅबमध्ये काम करत असाल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. ती फॅराडेची पिशवी तुमच्याकडे आहे का, एवढंच सांगितलंत तरी चालेल. भेटू पुढच्या गुरुवारी.